नगरांचीं जुनीं दप्तरें : अमरावती आणि अकोला

वऱ्हाडांतील शहराचा इतिहास लिहूं इच्छिणाराचीं पावलें प्रथम सरकारी दप्तराकडे वळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु दप्तर हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. उलटतपासणी केल्यावांचून त्याचा जबाब ग्राह्य धरितां येत नाहीं.

ही गोष्ट केवळ कागदांनाच लागू आहे असें नाहीं. अकोल्याच्या असदगडावरील शिलालेख पाहावे. दहीहंडा वेशीवरील लेख ती वेस औरंगजेबाच्या कारकीर्दींत, नबाब असदखान वजीर असतां झाल्याचें सांगतो. आगरवेशीवरील मराठी लेख मात्र गोविंद आप्पाजी यांनीं १८४३ सालीं किल्ला बांधिला असें म्हणतो. एकाच किल्ल्याचे दोन दगड, आणि दोहोंच्या सांगण्यांत सुमारें दीडशें वर्षांचें अंतर! ‘बांधिला’ म्हणजे ‘दुरुस्त केला’ असा अर्थ घ्यावा, तरच मेळ बसतो. दगडावर कोरलेलें जर असें तपासावें लागतें, तर कागदाची काय कथा?

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपविलें आणि नोंदींचें स्वरूप पालटलें. १८६७ सालीं खानेसुमारी झाली; १८७० सालीं आल्फ्रेड लायल यांनीं सिद्ध केलेलें गॅझेटियर प्रसिद्ध झालें. पुढें नगरपालिकांच्या वह्यांत पाणी, दिवाबत्ती, झाडलोट यांचा हिशेब येऊं लागला. या सर्व दक्षतेमागें कापूस उभा होता. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली. त्याच दशकांत आगगाडीही आली. अकोला हमरस्त्यावर आलें. अमरावतीस मात्र बडनेऱ्याहून फांटा घ्यावा लागला.

गॅझेटियरांत अमरावतीविषयीं एक नोंद आढळते. १८४२ सालीं एकाच व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास पाठविला म्हणे. पण त्या वेळीं शहरावर निजामाचा अंमल होता. तेव्हां हा आंकडा मोजणाराच्या वहींतला, कीं सांगणाराच्या तोंडचा, हें प्रथम विचारावयास हवें. आंकडा जितका वाटोळा, तितकी शंका अधिक.

उलट, लोकांच्या तोंडचें एखादें नांव कागदाहून अधिक सांगून जातें. पेंढाऱ्यांपासून सावकारांचें रक्षण व्हावें म्हणून १८०७ सालीं अमरावतीच्या तटाचें काम सुरू झालें. त्याच्या एका खिडकीस ‘खुनारी’ म्हणतात. जवळच झालेल्या रक्तपातावरून हें नांव पडलें. तो प्रसंग लोकांनीं एका शब्दांत जतन केला.

१९०१ च्या खानेसुमारींत अमरावतीची वस्ती ३४,२१६ व अकोल्याची २९,२८९ भरली. या संख्यांत सावकारही आहेत, आणि गाडीवान, हमाल, जिनांत राबणाऱ्या बायाही आहेत. पण कापसाचें वजन आणि भाव काळजीनें टिपून ठेवणाऱ्या कागदांनीं तो वाहणाराचें नांव क्वचितच टिपिलें. तें शोधावयाचें तर दुकानांच्या चोपड्या, घरांचीं खरेदीखतें, देवळांतील व मशिदींतील लेख आणि वृद्धांच्या आठवणी यांकडे वळावें लागेल. हीं साधनें कोणत्याही कचेरीच्या कुलुपांत नाहींत. तीं माळ्यावरील पेटींत आहेत. आणि त्या पेटीपर्यंत इतिहासकार आधीं पोहोंचतो कीं वाळवी, यावरच या शहरांचा इतिहास पुरा होणें अवलंबून आहे.