जत्रेतल्या रहाटपाळण्याची कुळकथा

जत्रा भरल्याची वर्दी लांबूनच देतो तो पाळणा. सोलापूरच्या होम मैदानावर संक्रांतीच्या सुमारास आकाशपाळणे उभे राहिले, की गड्ड्याची जत्रा भरली हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या झगमगत्या लोखंडी चक्रांपेक्षा मला ओढ आहे ती लहान गावच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानांशेजारी उभ्या असलेल्या लाकडी रहाटपाळण्याची. दोन खांब, मधे आडवा आस, चार पाळणे आणि ते हाताने फिरवणारा एक माणूस. आकाशपाळण्याचा मूळपुरुष हाच.

तो फिरतो कसा, हे जवळ उभं राहून बघण्यासारखं असतं. पाळणेवाला आधी पोरांची वजनं नजरेनेच जोखतो. एखादं धष्टपुष्ट पोर आलं की त्याच्या समोरच्या पाळण्यात दोन किरकोळ पोरं बसवतो, कारण तोल चुकला तर सगळा भार त्याच्याच दंडावर येणार. मग हाताशी आलेल्या पाळण्याचा कठडा धरून तो खाली ओढतो, सोडतो, लगेच पुढचा धरतो. पाचसहा हिसक्यांत चक्र वेग घेतं. प्रत्येक पाळणा वरच्या बाजूला टांगलेला आणि वजन टांगणीच्या खाली, त्यामुळे चक्र कसंही फिरलं तरी आतलं पोर ताठच बसलेलं राहतं. वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो आणि पोरं ओरडतात. पैसे वसूल होतात ते त्या ओरडण्यात.

ही करामत किती जुनी, याची साक्ष दोन प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदार 1615 साली इस्तंबूलला होता. रमजानच्या उत्सवात तिथल्या मोठ्या चक्रात तो स्वतः बसला आणि त्याला ते फार आवडलं. जवळ बसलेल्या एका ग्रीक माणसाला मात्र तो वेग सोसवेना, ‘पुरे, पुरे’ म्हणून तो ओरडू लागला. हाच देल्ला वाल्ले पुढे हिंदुस्थानात आला, गोव्यातही राहिला. दुसरा साक्षीदार इंग्रज, पीटर मंडी. 1620 साली आजच्या बल्गेरियातल्या प्लॉवदिव गावी त्याने असंच चक्र पाहिलं आणि मुलं वर-खाली जाऊनही सरळच बसलेली राहतात, हे मुद्दाम नोंदवलं. नेमकी हीच तर त्यातली युक्ती!

ज्याच्या नावाने इंग्रजीत हे चक्र आज ओळखलं जातं, त्या जॉर्ज फेरिसचा जन्म 1859 सालचा. 1889 साली पॅरिसने आयफेल मनोरा उभारला होता. 1893च्या शिकागो प्रदर्शनाला त्यावर कडी करायची होती. पूल बांधणीतल्या या पोलाद-इंजिनिअरने 264 फूट उंचीचं चक्र उभं केलं. त्याला 36 डबे, आणि एकेका डब्यात 60 माणसं. एवढा डोलारा सायकलच्या चाकासारखा ताणलेल्या आऱ्यांवर तोललेला होता. तिकीट 50 सेंट. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलत होते, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला हे चक्र फिरत होतं. चौदा लाखांहून अधिक लोक त्यात बसले.

तरीही त्या चक्राचं पुढे काय झालं ते पाहा. फेरिस 1896 साली, वयाच्या अवघ्या 37व्या वर्षी कर्जबाजारी अवस्थेत गेला. चक्र एकदा शिकागोतच दुसरीकडे हलवलं, 1904 साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात नेलं, आणि 1906 साली सुरुंग लावून त्याचं भंगार केलं. हलवायचं म्हणजे आगगाडीचे डबेच्या डबे भरायचे. असं धूड जत्रेच्या काय कामाचं?

जत्रेला पाळणा परत मिळवून दिला तो विल्यम सुलिव्हन या पूल बांधणाऱ्याने. शिकागोच्या चक्रात तो बसला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यातून ते जाईना. इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल या छोट्या गावात 1900 सालच्या मे महिन्यात त्याने आपलं पहिलं चक्र फिरवून दाखवलं. उंची जेमतेम 45 फूट, बारा बैठका. पण सुटे भाग करून दुसऱ्या गावाला नेता येणारं. गावोगावच्या शेतकी मेळ्यांना असंच चक्र हवं होतं. माझ्या मते या कुळातला कर्तबगार पुरुष फेरिस नव्हे, सुलिव्हन. त्याची कंपनी पुढेही जॅक्सनव्हिलमध्ये चक्रं बनवत राहिली.

आपल्याकडेही पाळण्याला हीच अट, सुटा करून पुढच्या गावी नेता आला पाहिजे. दत्तजयंतीला सारंगखेडा, मार्गशीर्ष वद्यात माळेगाव, संक्रांतीला सोलापूर, आणि चैत्र लागला की गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा. पाळणेवाल्यांचं पंचांग असं चालतं. देव बदलतो, तिथी बदलते. रातोरात नटबोल्ट सुटतात, आरे ट्रकवर चढतात आणि पुढच्या मैदानावर सकाळी पुन्हा खांब रोवले जातात. हे कष्ट जत्रेला आलेल्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतात.

यंदा गावच्या जत्रेला गेलात, तर पोरांना घेऊन थेट मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभे राहू नका. आधी हाताने फिरवायचा पाळणा शोधा आणि त्यात बसवा. पाळणेवाल्याशी भावाची घासाघीस करू नका, त्याने मागितले तेवढे पैसे द्या.