नाण्याएवढ्या जागेवर चढलेला घाट

आपल्या सांगवीकडून रेल्वेने मुंबई गाठायची तर बारामती, दौंड, पुणे आणि मग बोरघाट. आजचा भाग त्या घाटाचाच. पण बोगद्यांचा नाही, तर चाक आणि रूळ जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेचा.

ती जागा असते केवढी? साधारण एका छोट्या नाण्याएवढी! वर पोलाद, खाली पोलाद. उसाच्या ट्रॅक्टरचं टायर मातीत रुतून पकड घेतं. इथे रुतायला काहीच नाही. म्हणून रेल्वे सपाटीला कमी ताकदीत पळते, आणि म्हणूनच चढाला अडते.

जीआयपी रेल्वेचा बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. बांधकामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर.

आता हिशोब करू. रूळ कोरडा असेल तर इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या साधारण पाव. म्हणजे या चढावर इंजिन स्वतःसकट फार तर नऊपट वजन नेणार. पावसात पकड एक दशांशावर आली, की तेच पावणेचारपट! इंजिनात ताकद भरपूर असली तरी चाकं जागच्या जागी गरगरणार. उपाय दोन: चाकापुढे वाळू सोडायची, नाहीतर जादा इंजिन लावायचं.

उतरताना तर आणखी धोका, कारण ब्रेकसुद्धा त्याच नाण्याच्या भरवशावर. म्हणून सुटलेली गाडी अडवायला घाटात चढत्या बाजूच्या मार्गिका ठेवल्या होत्या.

गंमत बघा, हे सगळं चालू होतं तेव्हा त्यामागचं गणित कुणाकडेच नव्हतं. दोन वस्तू एकमेकींवर दाबल्या की टेकणारी जागा केवढी होते, हे जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झने १८८२ मध्ये मांडलं. ओढणारं चाक नुसतं फिरत नाही, किंचित घसरतही असतं आणि ओढ त्याच घसरण्याशी बांधलेली असते, हे इंग्लंडच्या कार्टरने १९२६ मध्ये दाखवलं. म्हणजे घाट सुरू झाल्यावर ६३ वर्षांनी! पुढे नेदरलँड्सच्या काल्करने १९६७ मध्ये हा सिद्धांत सर्व दिशांच्या बलांसाठी नेला. आजची संगणकी मॉडेलं त्याच पायावर उभी आहेत.

तोवर घाट चालवला तो ड्रायव्हर-फायरमनच्या अनुभवाने. आजही कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडतात. धक्का जाणवला, तर खिडकीतून नाण्याएवढी ती जागा आठवा. भेटू पुढच्या भागात!