दूत, मितानीन, आशा: लोकाधारित आरोग्यकार्याचा एक शब्देतिहास

स्वातंत्र्योत्तर भारतातील लोकाधारित आरोग्यकार्याचा इतिहास बहुधा दोन प्रकारे लिहिला गेला आहे: संस्थापकांच्या चरित्रातून किंवा शासकीय योजनांच्या अहवालांतून. गावोगाव हे काम प्रत्यक्ष करणारी माणसे, मुख्यतः स्त्रिया, या दोन्ही लेखनप्रकारांत सामुदायिक नामानेच येतात. हे सामुदायिक नाम त्यांना कोणी दिले, कोणत्या भाषेतून दिले आणि त्यामुळे त्यांच्या श्रमाचा अर्थ कसा ठरला, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तितकाच तौलनिक साहित्याभ्यासाचाही आहे. प्रस्तुत लेखात काही नामांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या परंपरेचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू जामखेड हा होय. तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कार्य सुरू केले. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत रुळेनात, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्यातूनच स्त्रिया निवडून पाठविल्या. त्यांतील अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती; कित्येक दलित समाजातील होत्या. बाळंतीण, कुपोषित मूल, कुष्ठरोगी यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या हातांनी सवर्णांच्या घरात बाळंतपण होऊ लागले. येथे आरोग्याबरोबर स्पर्शाचा इतिहासही बदलत होता.

शासनाने ही कल्पना २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी योजनेच्या रूपात स्वीकारली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये असे तिचे स्वरूप होते; निवडले गेले ते मात्र बहुतांशी पुरुष. या योजनेतील पदनामाचा प्रवास उद्बोधक आहे. आरंभी ‘वर्कर’ असलेली व्यक्ती काही वर्षांतच ‘व्हॉलंटिअर’ झाली आणि पुढे ‘गाइड’. काम तेच राहिले. परंतु ‘कामगार’ या शब्दात अध्याहृत असलेला वेतनाचा हक्क ‘स्वयंसेवक’ या शब्दाने बाजूला सारला. नामांतर ही येथे शैलीची बाब नसून आर्थिक कृती होती, असे म्हणावे लागते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. तेथील ग्रामीण कार्यकर्त्यांना ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. दूत ही भारतीय साहित्याला चिरपरिचित अशी प्रतिमा आहे. ‘मेघदूता’पासून मल्याळममधील संदेशकाव्यांपर्यंत दूताचे लक्षण एकच: तो दुसऱ्याचा निरोप वाहून नेतो, निरोपाचा कर्ता तो नसतो. गडचिरोलीतील प्रत्यक्ष व्यवहार मात्र या लक्षणात मावत नाही. तेथील एकोणचाळीस गावांत अल्पशिक्षित स्त्रियांनी नवजात बालकांचे वजन केले, श्वास मोजले, जंतुदोष ओळखला आणि प्रतिजैविकांची इंजेक्शनेही दिली. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. निदान व उपचार करणाऱ्या व्यक्तीला दूत म्हणणे हे तिच्या कर्तृत्वाला न्याय देणारे आहे काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. नाव मागे राहिले आणि काम पुढे गेले.

मल्याळममधील उदाहरण वेगळ्या दिशेने विचार करावयास लावते. १९९३ मध्ये कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे कार्य आरंभिले. पुढे मलप्पुरम परिसरात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेले. अल्प प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. खर्चही बराचसा लहान लहान देणग्यांतून भागू लागला. २००८ मध्ये केरळ शासनाने यासंबंधीचे धोरण जाहीर केले. या सेवेला मल्याळममध्ये ‘सांत्वनपरिचरण’ म्हणतात आणि स्वयंसेवकाला ‘सन्नद्ध प्रवर्तक’. दोन्ही शब्द संस्कृतोद्भव, म्हणून मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात; पण ही ओळख फसवी आहे. मराठीत सांत्वन करावयाचे ते मृत्यूनंतर, मागे राहिलेल्यांचे. मल्याळममध्ये सांत्वन मृत्यूपूर्वी, जाणाऱ्याच्या उशाशी होते. मराठीतील ‘सन्नद्ध’ला रणांगणाचा वास आहे; मल्याळममध्ये त्यातील शस्त्र गळून तत्परता तेवढी उरली आहे. समान शब्दसंपत्ती म्हणजे समान भावविश्व नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

छत्तीसगढमध्ये २००२ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाने प्रशासनाच्या कोशातला शब्द नाकारून लोकजीवनातला उचलला: ‘मितानीन’. छत्तीसगढी समाजात ‘मितान बदणे’ हा विधिपूर्वक जोडलेला मैत्रीचा संबंध होय. महाप्रसाद, गंगाजल, भोजली, जंवारा असे त्याचे प्रकार आहेत. तो जातीची सीमा ओलांडू शकतो आणि दोन्ही घरांना परस्परांच्या सुखदुःखाला बांधतो. पाड्यागणिक एक मितानीन निवडली गेली आणि काही वर्षांत त्यांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली. दूताहून हे नाव निश्चितच समृद्ध आहे, कारण मैत्रीत दोघेही कर्ते असतात. तथापि मैत्रीला मोबदला नसतो, हेही त्याच नावात अनुस्यूत आहे. आरंभी मितानीनीला मानधन नव्हते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ अवतरली. हा मुळात इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांचा जुळवलेला शब्द. महाराष्ट्राने त्याला ‘ताई’ जोडून ‘आशाताई’ केले आणि त्या संक्षेपाला नात्यात ओढून घेतले. लोकभाषेची ही शक्ती कौतुकास्पद आहे. परंतु कौतुकात एक धोका दडलेला आहे. ताईने हिशेब मागू नये, अशी आपली कौटुंबिक रीत सांगते. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांनी २०२१ व २०२३ मध्ये संप केले. केरळात फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर आंदोलन सुरू झाले. दरमहा सात हजारांचे मानधन एकवीस हजार करावे, ही तेथील प्रमुख मागणी होती. या संघर्षांच्या तळाशी मराठीतील दोन शब्दांचे द्वंद्व आहे: मानधन आणि वेतन. मानधनात देणाऱ्याचे औदार्य आहे, वेतनात घेणाऱ्याचा हक्क. १९७७ च्या योजनेतील नामांतराने जो हक्क झाकला, तोच येथे पुन्हा उघडा होऊन समोर आला.

या विवेचनातून स्वयंसेवेचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. कोळिकोडचा शेजारी आठवड्यातून काही तास देतो आणि आपल्या उपजीविकेकडे परततो. त्याचे स्वेच्छेने देणे खरोखर स्वेच्छेचे आहे. आशाताईचा दिवस मात्र नोंदवह्यांनी आणि गृहभेटींनी बांधलेला असतो. दोघांना एकच ‘स्वयंसेवक’ शब्द लावला की एकाच्या औदार्यावर दुसरीची गरज झाकली जाते. हा भेद करणे हे इतिहासलेखनाचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी शब्दांची पारख आपल्या विद्याशाखेकडे आहे.

दूत, मितानीन, सन्नद्ध प्रवर्तक, ताई ही सर्व इतरांनी दिलेली नावे. या स्त्रिया एकमेकींना आणि आपल्या कामाला काय म्हणतात, हे गोंडी, माडिया, छत्तीसगढी, मल्याळम व मराठी अशा त्यांच्या त्यांच्या भाषांत मौखिक रूपाने विखुरलेले आहे. ते त्यांच्याच नावानिशी, त्यांच्या संमतीने नोंदविले जाईपर्यंत या इतिहासाचा कर्ता एक आणि निवेदक दुसराच, अशी स्थिती राहील.