पेट्रोल महागले, तरी गाड्या मोठ्या का झाल्या? अमेरिकेतील ‘लाइट ट्रक’चा इतिहास

इंधन महागले की लोक लहान गाडीकडे वळतील, असे मागणीचा साधा नियम सांगतो. अमेरिकेत घडले ते असे. 1998 च्या अखेरीस गॅलनला सुमारे 1 डॉलर असलेले पेट्रोल 2005 मध्ये 2 डॉलरच्या पुढे गेले. नेमक्या याच काळात पिकअप, व्हॅन आणि एसयूव्ही यांची एकत्रित विक्री साध्या कारच्या विक्रीला मागे टाकून गेली. कारण विचारले, तर बहुतेक जण ‘अमेरिकन माणसाची हौस’ असे उत्तर देतात. हौस होतीच; पण ती 1960 मध्येही होती, आणि तेव्हा ती लांबलचक सेडानवर भागत होती. ती ट्रकच्या चासीवर का जाऊन बसली, याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत शोधावे लागते.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पंपांवर रांगा लागल्या. डिसेंबर 1975 मध्ये ऊर्जा धोरणाचा कायदा झाला आणि प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांचे सरासरी मायलेज ठरवून दिले गेले. प्रवासी कारसाठी 1985 चे लक्ष्य होते गॅलनला 27.5 मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सुमारे 11.7 किलोमीटर. ‘लाइट ट्रक’ मात्र वेगळे काढले. शेतकरी, सुतार, छोटे कंत्राटदार यांचे ते पोटापाण्याचे वाहन. विक्रीत त्याचा वाटा जेमतेम पाचवा. त्या वेळी ही सवलत कोणालाही रास्तच वाटली असती. ट्रकचे लक्ष्य सैल राहिले. 1996 ते 2004 या सर्व वर्षांच्या मॉडेलांसाठी ते 20.7 मैलांवर, म्हणजे लिटरला 8.8 किलोमीटरवर, थिजून होते.

आता तुम्ही स्वतःला कंपनीच्या आरेखन विभागात बसवून पाहा. जड, दणकट कुटुंबाची गाडी बनवायची आहे. ती ‘कार’ ठरली तर सरासरी बिघडते. शिवाय 1978 च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या कारवर वेगळा कर बसवलेला आहे. ‘ट्रक’ ठरली तर लक्ष्य सैल आणि हा करही नाही. फोर्डची 1990 मधली एक्सप्लोरर रेंजर पिकअपच्या चासीवर उभी राहिली, ती अशा हवेत. व्याख्या किती ताणली गेली, याचा माझा आवडता नमुना म्हणजे क्रायस्लरची पीटी क्रूझर. दिसायला जुन्या वळणाची छोटी कार, पण मागची बाके काढून सपाट मालाची जागा करता येते म्हणून मायलेजच्या हिशेबात ट्रक! याच्या दुसऱ्या टोकाला हमर एच2: भारासह तिचे वजन 8,500 पौंडांच्या पुढे जात असल्याने ती या नियमातच येत नव्हती.

करखातेही मागे नव्हते. छोट्या व्यावसायिकांना यंत्रसामग्रीची किंमत एकाच वर्षात उत्पन्नातून वजा करता यावी, अशी एक तरतूद होती. 2003 मध्ये तिची मर्यादा 25,000 वरून 1,00,000 डॉलर झाली. भारासह 6,000 पौंडांहून जड वाहन त्यात बसत होते. परिणामी हलकी कार घेणाऱ्या डॉक्टरपेक्षा अवजड एसयूव्ही घेणाऱ्या डॉक्टरला जास्त वजावट मिळू लागली. पुढच्याच वर्षी एसयूव्हीपुरती मर्यादा पुन्हा 25,000 वर आणावी लागली.

मग पेट्रोलच्या भावाचा काहीच परिणाम नव्हता का? आकडे मांडून पाहू. वर्षाला 12,000 मैल फिरणाऱ्या माणसाला गॅलनला 15 मैल देणारी गाडी 800 गॅलन पाजावी लागते, 20 मैल देणारी 600. फरक 200 गॅलन. 3 डॉलर भावाने वर्षाला 600, महिन्याला 50 डॉलर. आता दुसरी बाजू. सप्टेंबर 2001 नंतर जनरल मोटर्सने बिनव्याजी कर्ज सुरू केले. 30,000 डॉलरचे पाच वर्षांचे कर्ज 7 टक्क्यांऐवजी शून्य टक्क्याने मिळाले, तर मासिक हप्ता सुमारे 94 डॉलरने उतरतो. (सवलत कारवरही होती, पण जितकी महाग गाडी, तितकी रकमेत मोठी सूट.) ग्राहक हप्त्याकडे पाहून सही करतो; पंपावरचा खर्च नंतर, थोडा-थोडा येतो.

भाव अचानक आणि खूप चढला, तेव्हा मात्र चित्र पालटले. जुलै 2008 मध्ये पेट्रोल 4 डॉलरच्या वर गेले आणि मोठ्या गाड्यांची विक्री कोसळली. त्यातच मंदी आली. 2010 मध्ये हमरचे दुकान बंद झाले. पण पुढच्या नियमांत लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले: गाडी जितकी मोठी, लक्ष्य तितके सौम्य. ट्रकची वेगळी रेषाही कायम राहिली. 2014 च्या अखेरीस तेल स्वस्त झाले. 2018 मध्ये फोर्डने अमेरिकेत बहुतेक सेडान बंद करण्याचे जाहीर केले.

असे फक्त तिकडेच घडते, असे समजू नका. आपल्याकडे 2006 च्या अर्थसंकल्पाने 4 मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले. 2008 मध्ये इंडिगो सीएस ही सेडान मागून आखडून 4 मीटरच्या आत बसवली गेली, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी एसयूव्ही त्याच मापाच्या आहेत. 2013 मध्ये एसयूव्हीवरचे शुल्क 27 वरून 30 टक्के झाले, तेव्हा व्याख्येत लांबी आणि इंजिनाबरोबर जमिनीपासूनची उंचीही होती: 170 मिलिमीटर किंवा अधिक. पुढच्या तासाला येताना तुमच्या ओळखीच्या तीन गाड्यांची ही तीन मापे लिहून आणा, आणि त्यांपैकी कोणते माप इंजिनिअरने ठरवले असावे आणि कोणते करतक्त्याने, याचा अंदाज बांधा.