गोबर गॅस : एका टाकीची शंभर वर्षांची वाटचाल

हवा न लागता शेण कुजले की त्यातून एक जळाऊ वायू निघतो. त्यालाच गोबर गॅस किंवा बायोगॅस म्हणतात. दलदलीत आणि पाणी साचलेल्या भातखाचरांत तो आपोआप तयार होतो. बंद टाकीत तो मुद्दाम तयार करून साठवता येतो. त्यात 55 ते 65 टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो. काम सारे जिवाणूंचे. काही जिवाणू शेणातल्या पदार्थांची आम्ले करतात आणि दुसरे त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. 35 अंश सेल्सियसच्या आसपास त्यांचा वेग चांगला असतो. पारा 15 अंशांच्या खाली गेला की काम जवळजवळ थंडावते.

एक किलो ताज्या शेणातून सुमारे 40 लिटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांचे रोजचे 50 किलो शेण हाती असेल तर दोन घनमीटर वायू निघतो आणि पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक धुराशिवाय होतो. टाकीतून बाहेर पडणारी मळी, म्हणजे स्लरी, शेतात जाते. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर ऊब मिळते, पण खत जळून जाते. शेण उकिरड्यात टाकले तर खत मिळते, पण इंधन नाही. गोबर गॅसमध्ये दोन्ही मिळतात. या तंत्रामागची मूळ प्रेरणा हीच, आणि ग्रामोद्धाराचा विचार करणाऱ्यांना त्याची ओढ वाटली तीही याचमुळे.

माटुंग्यापासून दिल्लीपर्यंत

अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने 1776 मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून त्यातला वायू गोळा केला आणि तो जळतो हे दाखवले. त्याचा घरगुती उपयोग व्हायला पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली. भारतातला सर्वांत जुना नोंदलेला प्रयोग मुंबईचा आहे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 मध्ये मैला कुजवण्याच्या टाक्यांमधला वायू गोळा केला जाऊ लागला. तो दिव्यांसाठी आणि पुढे इंजिन चालवण्यासाठी वापरला गेला. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचे साल 1859 असे छापले जाते. पण हे रुग्णालयच 1890 मध्ये सुरू झाले, त्यामुळे ते साल बरोबर असू शकत नाही.

माटुंग्याचा प्रयोग सांडपाण्याचा आणि शहराचा होता. शेणाकडे लक्ष वळले ते 1930 च्या दशकाच्या अखेरीस. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेण बंद भांड्यात कुजवून वायू मिळवण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला शेतकऱ्याच्या अंगणात बसेल असे रूप दिले आणि त्या संयंत्राला ‘ग्रामलक्ष्मी’ हे नाव दिले. 1957 मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1960 च्या दशकात त्याच धर्तीच्या संयंत्राचा प्रसार सुरू केला. आयोगाचे मुख्यालय मुंबईत असल्यामुळे महाराष्ट्र आणि गुजरातच्या गावांत ते लवकर पोहोचले.

तरंगणारे पिंप

आयोगाच्या संयंत्राची रचना अशी : जमिनीत विटांची गोल विहीर बांधायची आणि तिच्यावर लोखंडी पिंप पालथे घालायचे. एका बाजूच्या कुंडीत शेण आणि तेवढेच पाणी घालून हाताने कालवायचे, गवताच्या काड्या व खडे वेचून टाकायचे आणि बूच काढून काला आत सोडायचा. जेवढा काला आत जातो तेवढीच जुनी मळी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. वायू साठला की पिंप वर येते, शेगडी पेटवली की हळूहळू खाली बसते. रात्रभरात पिंप किती वर आले यावरून आज किती भाकरी भाजून होतील, याचा अंदाज घरातल्या बाईला सकाळीच येतो. वायूचा दाब पिंपाच्याच वजनाने मिळतो, त्यामुळे ज्योत एकसारखी राहते.

दोषही त्या पिंपातच होता. लोखंडी पत्र्यामुळे एकूण खर्च फार वाढे. मळीच्या सान्निध्यात पत्रा गंजे, म्हणून दरवर्षी रंग द्यावा लागे. रंग चुकला की काही वर्षांत भोके पडत आणि नवे पिंप घेण्याइतके पैसे नसले की संयंत्र कायमचे बंद पडे. थंडीत पत्र्यातून उष्णता निघून जाई आणि गॅस नेमका तेव्हाच कमी पडे.

शौचालयाची जोड

महाराष्ट्रात या तंत्राला आणखी एक वळण मिळाले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना 1932 मध्ये भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषणाला बसले होते. माणसाचा मैला माणसाने डोक्यावरून वाहू नये, हा त्यांचा ध्यास होता. 1948 मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि शौचालय, खत व गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. त्यांच्या दृष्टीने गॅस हा जोडलाभ होता. मैला हाताळण्याची गरजच संपवणे हे खरे काम होते.

तो धागा पुढे देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी उचलला. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या मापुसकरांना दिसले की रुग्णांचे बरेचसे आजार उघड्यावरच्या घाणीतून येतात. त्यांनी गावात शौचालये उभी करण्याचे काम अनेक दशके चालवले आणि मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ हे संयंत्र विकसित केले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मैल्याच्या गॅसवर रांधलेले अन्न देवाला कसे दाखवायचे, हा प्रश्न गावोगाव विचारला जाई. त्याला उत्तर वादाने मिळत नसे, शेजारच्या घरातली निळी ज्योत पाहून मिळे. तरीही कित्येक घरांनी गोठा टाकीला जोडला आणि शौचालय वेगळेच ठेवले.

घुमटाची टाकी

पिंपाचा खर्च टाळण्याची वाट चीनमध्ये आधीच निघाली होती. तिथे लुओ गुओरुई यांनी 1920 च्या दशकात जमिनीखालच्या बंद टाकीत वायू साठवण्याची पद्धत बसवली. अशा टाकीला हलणारा भाग नसतो. वायू साठला की तो काल्याला खाली दाबतो आणि काला बाहेरच्या कुंडीत चढतो. वायू वापरला की काला परत आत उतरतो. 1970 च्या दशकात चीनने सरकारी मोहीम काढून काही वर्षांत सुमारे 70 लाख टाक्या बांधल्या. घाईत, मिळेल त्या सामानाने झालेल्या बांधकामामुळे त्यांतल्या फार मोठ्या संख्येने टाक्या थोड्याच वर्षांत गळू लागल्या आणि सोडून द्याव्या लागल्या.

भारतात उत्तर प्रदेशातल्या अजितमल येथील गोबर गॅस संशोधन केंद्राच्या कामातून 1978 मध्ये ‘जनता’ हे घुमटाचे संयंत्र आले. 1984 मध्ये ‘अफप्रो’ या दिल्लीच्या संस्थेने ‘दीनबंधू’ तयार केले. दोन गोलखंड एकमेकांवर ठेवल्यासारख्या त्याच्या आकारामुळे विटा आणि सिमेंट कमी लागू लागले आणि खर्च आणखी उतरला. लोखंड गेले, गंज गेला. मात्र भार आता गवंड्याच्या हातावर आला. पिंपाला भोक पडले तर वास येतो, डोळ्यांना दिसते. घुमटाला केसाएवढी चीर गेली तर वायू नुसताच निघून जातो. घरच्यांना वाटते शेण कमी पडले, आणि दोष असतो गिलाव्यात.

योजना आणि आकडे

1973 मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि खादीवाल्यांचा हा विषय सरकारच्या ऊर्जाधोरणात आला. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. केंद्राचे अनुदान, जिल्हा परिषदेमार्फत अंमलबजावणी आणि दरवर्षी ठरलेले उद्दिष्ट असा त्याचा साचा होता. पुढच्या चार दशकांत देशात सुमारे 50 लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी राहिला. सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे 1 कोटी 20 लाख संयंत्रांना वाव होता. म्हणजे निम्मे अंतरही कापले गेले नाही, आणि बांधलेली सगळी संयंत्रे चालूही राहिली नाहीत.

अडले कुठे?

पहिली अडचण गुरांची. चार-पाच जनावरे असणारे घर गावात मुळातच बरे खाऊनपिऊन असते. ज्या घराला सरपणासाठी मैलोन्‌मैल हिंडावे लागते, तिथे अनेकदा एखादी शेळीच असते. शिवाय गुरे बांधून ठेवलेली असतील तरच शेण हाती लागते. दिवसभर रानात चरणाऱ्या गुरांचे निम्मे शेण रानातच राहते. पश्चिम महाराष्ट्रात बांधीव गोठे आणि दूधसंस्था वाढल्या तिथे गोबर गॅस रुजला, त्याचे हे एक मोठे कारण. उलट ट्रॅक्टर आल्यावर जिथे बैलजोड्या गेल्या, तिथे टाक्या उपाशी राहिल्या.

दुसरी अडचण पाण्याची. 50 किलो शेणाला रोज तेवढेच लिटर पाणी लागते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येत असताना ते टाकीत ओतणे कोणाला परवडणार? दुष्काळात जनावरे चारा छावणीत गेली की शेणही त्यांच्याबरोबर जाते. टाकीतला काला सुकून घट्ट बसतो आणि पाऊस आल्यावर ती उपसून पुन्हा सुरू करण्याचे कष्ट फार थोडे घेतात. आफ्रिकेतल्या अनेक देशांत याच दोन गोष्टी, मोकळी चरणारी गुरे आणि दूरचे पाणी, आजही आड येतात.

तिसरी अडचण पैशांची. सरपण आणि शेण यांना बहुतेक घरांत रोख मोल नसते. कष्ट लागतात, पण ते बायकामुलांचे. संयंत्राला मात्र एकरकमी रोकड लागते. धूर डोळ्यांत जातो बाईच्या आणि खर्चाचा निर्णय असतो पुरुषाचा. ज्याला त्रास तो वेगळा आणि ज्याच्या हाती पैसा तो वेगळा, अशा घरात गरज असूनही काम पुढे ढकलले जाते. पुढे रोज शेण कालवण्याचे कामही बहुधा तिच्याकडेच येते.

चौथी अडचण देखभालीची. उद्दिष्ट बांधकामाचे असल्यामुळे अनुदान बांधकाम पुरे झाल्यावर मिळे. दोन वर्षांनी शेगडी पेटते की नाही, हे मोजले जात नसे. अनेक बिघाड किरकोळ असतात. गॅसबरोबर येणारी वाफ नळीत थंड होऊन पाणी साचते आणि ज्योत फडफडू लागते. नळीच्या सखल जागी बसवलेला सापळा उघडून ते पाणी काढले की काम भागते. पण हे सांगणारा माणूस गावात नसला, तर एवढ्याशा कारणाने चूल पुन्हा धुराची होते.

दोन प्रयोग, दोन धडे

ज्यांच्याकडे गुरे कमी त्यांच्यासाठी साऱ्या गावाचे एक संयंत्र, ही कल्पना अनेक ठिकाणी आजमावली गेली. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातले पुरा हे गाव त्यात महत्त्वाचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ए. के. एन. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सामुदायिक संयंत्र उभे केले. आधी हेतू स्वयंपाकाचा होता, पण सगळ्या चुलींना पुरेल इतके शेण गावात नव्हते. मग गावकऱ्यांना काय हवे हे विचारून 1987 मध्ये त्याच गॅसवर इंजिन चालवले गेले आणि घरात दिवे व नळाचे पाणी आले. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळत आणि मळीही परत मिळे. शेण आणणाऱ्यांत बायका आणि मुले होती, त्यामुळे तो पैसा त्यांच्या हाती पडे. यंत्र तेच होते. शेणाचा मालक, कष्टाचे मोल आणि गावाची गरज यांचा हिशेब जुळल्यावर ते चालले.

दुसरा धडा नेपाळचा. तिथे 1992 मध्ये डच साहाय्याने सुरू झालेल्या कार्यक्रमात संयंत्राचा एकच नमुना ठरवला गेला. बांधणाऱ्या कंपन्यांवर दर्जाची तपासणी, विक्रीनंतरच्या सेवेची सक्ती आणि चुकीबद्दल दंड, असे नियम घातले गेले. डोंगराळ, गरीब देशात लाखो संयंत्रे उभी राहिली आणि त्यांतली बहुतेक चालू राहिली.

सिलिंडरनंतर

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गावागावांत सिलिंडर पोहोचला. त्याने धूर कमी केला, त्याचबरोबर रोज शेण कालवण्याचे एक कारणही काढून घेतले. दरम्यान तंत्राने नव्या वाटा शोधल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने शिळे अन्न आणि पिठूळ पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र बनवले; 2006 मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गुरे नसलेल्या शहरी घरालाही त्यामुळे गॅस मिळवता आला. 2018 पासून सरकारने ‘गोबरधन’ योजनेतून गावाचे शेण आणि ओला कचरा एकत्र आणण्यावर भर दिला आहे.

खेड्यातल्या घरगुती संयंत्राचे बळ आता मळीत उरले आहे. सिलिंडर चूल पेटवतो, पण शेताला काही देत नाही. रासायनिक खतांवरचा खर्च डोईजड झालेल्या शेतकऱ्याला टाकीच्या तोंडाशी साचणारी मळी गॅसइतकीच मोलाची वाटू शकते. जिथे गोठा बांधीव आहे, पाणी बारमाही आहे, दुरुस्तीला माणूस जवळ आहे आणि निर्णयात घरातल्या बाईचा शब्द चालतो, तिथे ही संयंत्रे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. या चारांपैकी जे जिथे कमी पडले, तिथली टाकी त्यामुळेच बंद पडली.