प्रेसखालचा टेकू

हायड्रॉलिक प्रेस बहुतेकांनी पाहिलेला असतो, फक्त नावाने ओळखलेला नसतो. वऱ्हाड-खानदेशात ‘जिनिंग-प्रेसिंग’ अशी पाटी कारखान्यावर दिसते, त्यातले ‘प्रेसिंग’ याच यंत्राचे. सैल रुई त्यात दाबली जाते आणि घट्ट गासडी बाहेर पडते. पूर्वी मुंबईच्या बाजारात ही गासडी ३९२ पौंडांची धरत, आता १७० किलोंची धरतात. माझा संबंध आला तो मात्र पत्रा दाबणाऱ्या प्रेसशी. १९८१ साली भोसरीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स खात्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढची तीसएक वर्षे प्रेस सरळ करण्यात आणि त्यांची गळती थांबवण्यात गेली.

नभोवाणीवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून तत्त्व शब्दांतच सांगतो. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोंचा भार टाका, त्याच भांड्याला जोडलेला शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या १००० किलो उचलेल. अर्थात फुकट काही नाही. लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जाईल तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येईल. फ्रान्सच्या पास्कलने हे लिहून ठेवले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापले गेले. पण त्याचे कामाचे यंत्र व्हायला १७९५ साल उजाडावे लागले. त्या साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने प्रेसचे पेटंट घेतले.

हा ब्रामा यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. पायाला दुखापत झाल्याने शेतीऐवजी सुतारकीकडे वळला. त्याचे नाव आधी संडासाच्या सुधारित रचनेमुळे आणि कुलपामुळे झाले होते. प्रेस कागदावर उत्तम होता, घोडे अडले ते एका बोटभर फटीत. मोठा दट्ट्या ज्या सिलिंडरमधून वर-खाली होतो, त्याच्या तोंडाशी पाणी गळू लागले. पॅकिंग आवळावे, तर गळती थांबे पण दट्ट्या असा जखडून बसे की दाब काढला तरी परत येत नसे. सैल करावे, तर पाणी बाहेर. पहिल्याच दिवशी मी हे कोडे पाहिले आणि निवृत्तीच्या दिवशीही कुठल्यातरी प्रेसवर पाहतच होतो.

ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण कारागीर होता. वूलिचच्या तोफखान्यातून तो अठराव्या वर्षी इथे आला होता. त्याने चामड्याचे एक कडे बसवले, वाटीच्या काठासारखे वळवलेले, तोंड पाण्याच्या बाजूला. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब वाटीत शिरून चामड्याची कड दट्ट्यावर घट्ट दाबतो. दाब उतरला की कड आपोआप ढिली पडते आणि दट्ट्या सुटतो. ज्या दाबाने गळती होते, त्यालाच गळती बंद करायला लावले. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने हे श्रेय त्यालाच दिले आहे. बोल्टनच्या बेंजामिन हिकचेही नाव काही जण घेतात. माझा कल नॅस्मिथकडे आहे, पण तो फिटरचा फिटरकडे असलेला कल आहे हे कबूल करतो. १७९७ साली मॉडस्लेने आठवड्याच्या ३० शिलिंगांवर वाढ मागितली, मालकाने नाही म्हटले, आणि त्याने स्वतःचे वर्कशॉप काढले.

आज चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले आणि पाण्याच्या जागी तेल. वाटीचा आकार बदललेला नाही. जुने सील काढले की आमचे मिस्त्री ते फेकू देत नसत. उजेडात धरून फिरवायला सांगत. सगळीकडून कडक होऊन तडकले असेल तर तेल तापते आहे. लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे असतील तर तेलात कचरा आहे. आणि एकाच बाजूने झिजले असेल तर सीलचा काहीच दोष नाही, रॅम वाकडा उतरतो आहे. अशा ठिकाणी नवे सील घालणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलणे. आठवड्यात ते पुन्हा गळते आणि साहेब सील पुरवणाऱ्याला बोल लावतात.

मग रॅम सरळ करायचा. आधी खालचा बेड स्पिरीट लेव्हलने पाहायचा, मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणाऱ्या लेव्हलने, लांबीत आणि रुंदीत. पाया खचला असेल तर वरचे सगळे मोजमाप वाया. मग बेडवर डायल ठेवून रॅमच्या खालच्या तोंडाचे चार कोपरे मोजायचे, एकाच उंचीवर नव्हे, वर, मध्ये आणि खाली. मग उभा गुण्या लावून रॅम उतरताना डायलचा काटा किती हलतो ते बघायचे. गाईडची फट फीलर गेजने तपासायची, टाय रॉडचे नट ढिले नाहीत ना ते बघायचे. एवढे करूनही डाय मधोमध न बसवता एका कडेला बसवला, तर रिकामा सरळ उतरणारा रॅम भार आल्यावर तिरका होतोच. घाईच्या दिवशी हा शेवटचा मुद्दा कोणी ऐकत नाही.

आणि हे सगळे मोजताना माणसाचा हात रॅमखाली असतो. म्हणून १८४९ सालची एक हकीकत सांगतो. वेल्समध्ये मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया हा रेल्वेपूल बांधत होता. लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड पेट्या, एकेक दीड हजार टनांहून जड, पाण्यावरून तरंगत आणून हायड्रॉलिक प्रेसने सुमारे शंभर फूट उचलायच्या होत्या. मोठ्या प्रेसचा दट्ट्या २० इंच व्यासाचा, एका खेपेत सहा फूट चढणारा. स्टीफन्सनने हट्ट धरला की पेटी जशी इंचाइंचाने चढेल तसे तिच्याखाली बांधकाम भरत जायचे. सहा फूट उचलून मग खाली टेकू देणे जास्त सोयीचे होते, वेळही वाचला असता. तो ऐकला नाही.

१७ ऑगस्टला मोठ्या प्रेसच्या सिलिंडरचा तळच सुटला. सुमारे दीड टनाचा तो तुकडा खाली कोसळला आणि दोराच्या शिडीवरून चढणारा एक कामगार त्यात गेला. पेटी मात्र नऊ इंच खाली आली आणि खालच्या भरावावर टेकली. तेवढ्या नऊ इंचांतही टनावारी वजनाचे ओतीव लोखंड चिरडले गेले. भराव नसता तर पेटी समुद्राच्या तळाशी गेली असती. दोष कुठे होता? सिलिंडरच्या आत भिंत आणि तळ काटकोनात मिळत होते. ओतीव लोखंड निवताना अशा कोपऱ्यावर कमजोर रेघ राहते. नवा सिलिंडर गोल तळाचा ओतला. १८५० च्या मार्चमध्ये पुलावरून गाडी गेली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात त्या पुलाचा प्रेस लोकांना पाहायला ठेवला होता. विटांचा भराव अर्थातच तिथे नव्हता.

१९८३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. अडीचशे टनी प्रेसचे कोपरे मोजायचे होते, पाळी सुटायला दहा मिनिटे राहिली होती. पंप बंद, रॅम वर. तो वर कशाने थांबतो? खालच्या बाजूला कोंडलेल्या तेलाने, बस्स. जाड नळीचे दोन टेकू आणि वरच्या लाकडी फळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्या ओढून आणायच्या म्हणजे कपडे पुन्हा काळे. मी तसाच डायल घेऊन आत वाकलो. मिस्त्रींनी मागून कॉलर धरून मला बाहेर ओढले. “अरे, वर काय देव धरून बसलाय काय?” एवढेच म्हणाले आणि टेकू स्वतः लावू लागले. मीही दुसरा उचलला.

तिसऱ्या कोपऱ्यावर डायल वाचत होतो तेव्हा वरून फट्‌ असा आवाज आला. तेलाच्या नळीचा सांधा सुटला होता. गरम तेल पाठीवर पडले आणि तीनेक टनांचा रॅम फळ्यांवर बसला. डायल वाचले, बोटेही वाचली. एक फळी दोन बोटे चेपली होती. मिस्त्रींनी ती उलटून पाहिली, तडा नाही अशी खात्री केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फळीवर रॅम टेकवून आम्ही नळी बदलली.