विचारत राहिलेली माणसं

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं नाव निघालं की गणित आणि अणुविज्ञान आठवतं. याच संस्थेत दंतसंशोधनाचाही एक विभाग होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आज लोकांची विडी-सिगारेट आणि तंबाखू सुटावी म्हणून जे काम चालतं, त्याच्या भारतातल्या शास्त्रीय पायाचा मोठा भाग या विभागाने घातला.

दारोदार

१९६६ साली या विभागातले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी मुखकर्करोगाचं मूळ शोधायला खेड्यांत उतरले. कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग त्यांच्यासोबत या कामात होते. एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन त्यांनी ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडं तपासली. जिल्हा बदलला की सवय बदलत होती. भावनगरकडे हुकली नावाची मातीची चिलीम ओढली जात होती. श्रीकाकुलममध्ये बायका चुट्टा नावाचा चिरूट पेटवून त्याचं जळतं टोक तोंडात धरत, आणि आजाराच्या खुणा नेमक्या टाळूवर सापडत. पुढे महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांचीही अशीच तपासणी झाली.

पाच जिल्ह्यांपैकी काही जिल्ह्यांतल्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केल्यावर चित्र स्पष्ट झालं. नवे मुखकर्करोग आणि त्याआधीचे चट्टे जवळजवळ सगळे तंबाखू वापरणाऱ्यांनाच होत होते.

मोजणीच्या पुढे

इथे थांबलं असतं तरी विज्ञान म्हणून ते काम मोठंच ठरलं असतं. पण ज्याच्या तोंडातला पांढरा चट्टा आपण वहीत नोंदवला, त्याला तसंच सोडून पुढच्या घरी कसं जायचं? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या गटाने एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर इथल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना ती सोडायला मदत करायची, आणि त्या मदतीचाही काटेकोर हिशेब ठेवायचा, असं ठरवलं. वर्षातून एकदा तपासणी होई. तेव्हा समोर बसून, त्या माणसाच्या सवयीला धरून सल्ला दिला जाई. जोडीला पोस्टर, चित्रपट, नभोवाणी आणि लोकनाट्यही होतं.

याच गटातल्या डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी याचे निष्कर्ष १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. सल्ला मिळालेल्यांत सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं आणि पांढरे चट्टे नव्याने उमटण्याचं प्रमाण घटलं होतं. औषध नाही, यंत्र नाही; दरवर्षी येऊन आपुलकीने विचारणारं माणूस, एवढ्यानेही आजार मागे हटतो, याचा तो पुरावा होता.

मुंबईच्या मतदारयाद्या

१९९१ पासून गुप्ता यांच्या गटाने मुंबईत मतदारयाद्या हाती धरून ३५ वर्षांवरील १,४८,१७३ जणांची नोंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा त्यांची दारं ठोठावली. कधीच तंबाखू न वापरलेल्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना मृत्यूचा धोका ३७ टक्के जास्त आढळला, तर विडी ओढणाऱ्यांना ६४ टक्के. विडी म्हणजे पानात गुंडाळलेला साधा, निरुपद्रवी माल, हा समज या आकड्यांनी खोडून काढला.

हीलिस

२००४ साली नवी मुंबईत हीलिस-सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि गुप्ता तिचे संचालक झाले. व्यसन सोडवण्याची रीत त्या त्या समाजात नेऊन पारखायची, हे तिथल्या कामाचं मुख्य सूत्र. अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर बिहारमधल्या ७२ सरकारी शाळांत शिक्षकांसाठी केलेला प्रयोग त्यातला विशेष लक्षणीय. मुख्याध्यापक आणि एक पुढाकार घेणारा शिक्षक शाळेतल्या सहकाऱ्यांना सोबत घेत, महिन्याला एका विषयावर बोलणं होई. उपक्रम संपताच उपक्रमातल्या शाळांत महिनाभर तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ५० टक्के निघालं, इतर शाळांत १५. नऊ महिन्यांनी सहा महिन्यांचा संयम मोजला, तेव्हा ते १९ आणि ७ टक्के भरलं. घसरण दिसतेच. म्हणूनच सोडणाऱ्याची साथ मध्येच सोडायची नसते.

आज

दरम्यान देशभर उपचाराची व्यवस्थाही आकाराला आली. २००२ मध्ये तंबाखूमुक्तीची पहिली १३ केंद्रं सुरू झाली, २०१६ मध्ये दिल्लीहून १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी, आणि २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय तिच्याशी जोडलं गेलं. समुपदेशक आजही साध्या प्रश्नांनी सुरुवात करतात: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर निकोटीनची पकड घट्ट आहे असं समजून उपचार ठरतो. निकोटीनचं च्युइंगगम द्यायचं, तर ते थोडं चावून गालात धरायचं, सतत चघळायचं नाही, हे करून दाखवावं लागतं.

काम मात्र अफाट उरलं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक खाण्याची. देशात ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सोडायचा विचार करत होते. पण डॉक्टरकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी सोडण्याचा सल्ला मिळाला तो ४८.८ टक्क्यांनाच. एर्नाकुलमच्या खेड्यांत चाळीसेक वर्षांपूर्वी जे सिद्ध झालं, ते प्रत्येक दवाखान्यात रोज व्हायला हवं. ताप आणि रक्तदाबाइतक्याच सहजतेने डॉक्टरांनी तंबाखूचंही विचारावं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारावं.